सल्ला त्यांचा, सही तुमची

कर वाचवण्याचा मोह कोणाला नसतो? पण वाचवलेला कर चार वर्षांनी दंडासह दारात उभा राहतो, तेव्हा सल्ला देणारा कुठेच सापडत नाही.

जून-जुलैच्या सुमारास कचेऱ्यांतून, बँकांतून, शाळेच्या शिक्षक खोल्यांतून एक कुजबुज सुरू होते. "अमक्याला साठ हजार परत मिळाले." "कापलेला सगळा टॅक्स परत आला म्हणे!" ज्याला पैसे मिळाले तो पेढे वाटत नाही. पण डबा खाताना शेजारच्याच्या कानात एक मोबाइल नंबर सांगतो. "सी.ए. नाही तो, पण सी.ए.पेक्षा हुशार आहे. आपण फक्त फॉर्म १६ पाठवायचा आणि ओटीपी सांगायचा. रिफंड जमा झाला की त्यातले ठरलेले टक्के त्याचे."

घरी हा विषय निघाला की पत्नी साधा प्रश्न विचारते, "पण कशाबद्दल परत मिळणार?" त्याचे उत्तर बहुतेकांकडे नसते. "सगळेच करतात गं" एवढे बोलून विषय संपतो. खरे तर याच प्रश्नाचे उत्तर आधी शोधायला हवे असते.

१४ जुलै २०२५ रोजी आयकर खात्याने देशात अनेक ठिकाणी एकाच वेळी तपासणी सुरू केली. रोख होता तो विवरणपत्रे भरून देणारे एजंट आणि मध्यस्थ यांच्यावर. त्याआधी महाराष्ट्र, तामिळनाडू, दिल्ली, गुजरात, पंजाब आणि मध्य प्रदेशात झालेल्या कारवायांत खोट्या वजावटींचे पुरावे हाती आले होते. घरभाड्याचा भत्ता, राजकीय पक्षांना देणग्या, धर्मादाय देणग्या, शैक्षणिक कर्जाचे व्याज, आरोग्य विमा, गंभीर आजारावरील उपचार, विजेवर चालणाऱ्या वाहनाचे कर्ज... कायद्याने खऱ्या गरजवंतांसाठी ठेवलेली जवळजवळ प्रत्येक सवलत एजंटांनी वापरून टाकली होती. घरात सगळे धडधाकट असताना कागदावर कोणाला तरी दुर्धर आजार जडलेला. दारात पेट्रोलची जुनी स्कूटर आणि विवरणपत्रात विजेच्या गाडीचे कर्ज! अशी खोटी नोंद ज्यांच्या नावे झाली ते अडाणी होते असेही नाही. बहुराष्ट्रीय कंपन्या, सरकारी उपक्रम, सरकारी कार्यालये, शैक्षणिक संस्था यांतले शिकलेसवरलेले पगारदार त्यात होते.

खात्यानेच त्या वेळी सांगितलेली गोष्ट अशी की, आधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी आपली विवरणपत्रे स्वतःहून सुधारली आणि १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतले. म्हणजे चूक झाली आहे हे अनेकांना कळत होते. हलवून जागे करणारे कोणीतरी हवे होते, इतकेच.

हिशेब मांडून पाहा

तीस टक्क्यांच्या करटप्प्यात बसणाऱ्या एखाद्या नोकरदाराचे उदाहरण घेऊ. एजंटाने त्याच्या नावे दोन लाख रुपयांची खोटी वजावट दाखवली. कर ६० हजार आणि त्यावर चार टक्के उपकर धरून ६२,४०० रुपये परत आले. त्यातले वीस टक्के एजंटाने घेतले असे समजा. म्हणजे १२,४८० गेले आणि ४९,९२० रुपये घरात आले. दिवाळीत एखादे वॉशिंग मशीन आले, मुलाच्या क्लासची फी भरली गेली.

आता उलटी बाजू. दावा खोटा ठरला की मूळ ६२,४०० रुपये परत द्यायचे. १९६१ च्या आयकर कायद्यात नुसते उत्पन्न कमी दाखवल्यास त्यावरील कराच्या ५० टक्के दंड होता, पण खोटी माहिती देऊन ते कमी दाखवले असेल तर दंड कराच्या २०० टक्के. म्हणजे १,२४,८०० रुपये. दोन्ही मिळून १,८७,२०० आणि वर व्याज. मुद्दाम कर चुकवल्याचा खटला हा आणखी वेगळाच. १ एप्रिल २०२६ ही अंमलाची तारीख असलेल्या २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, पण खोट्या माहितीबद्दलच्या या कडक दंडाची तरतूद गेलेली नाही.

या सगळ्यात एजंटाची एक युक्ती मात्र विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. अनेक एजंटांनी शेकडो विवरणपत्रे भरण्यासाठी तात्पुरते ई-मेल पत्ते तयार केले आणि हंगाम संपताच ते सोडून दिले. खात्याची नोटीस जायची ती त्या बेवारस पत्त्यावर. ज्याच्या नावाने नोटीस, तो बिचारा निवांत! पोस्टमन घराची बेल वाजवत होता तेव्हा निदान पाकीट तरी हातात पडायचे. आता नोटीस आलेली असते, मुदत संपलेली असते आणि घरात कोणाला पत्ताही नसतो.

"मी काही केले नाही, त्याने भरले" हे म्हणणे फारसे उपयोगी पडत नाही. विवरणपत्राच्या शेवटी एक प्रतिज्ञा असते. वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व पूर्ण आहे, असे त्यात करदाता सांगतो. ओटीपी सांगितला, म्हणजे त्या प्रतिज्ञेखाली सही केली.

प्रामाणिक चुकीला कायद्यात जागाच नाही असे मात्र नव्हे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका जगप्रसिद्ध लेखापरीक्षण संस्थेवरचा आयकराचा दंड रद्द केला होता. त्यांच्या विवरणपत्रात एक रक्कम चुकून वजा राहिली होती, पण सोबत जोडलेल्या अहवालात तिचा उल्लेख स्पष्टपणे केलेला होता. काही लपवलेले नव्हते. सगळे उघड ठेवून झालेली गफलत आणि घरात नसलेला आजार दाखवणे यांतला फरक न्यायालयाला नीट कळतो.

सागवानाची झाडे आणि करमुक्त सोने

सल्ल्यावर विसंबून कर वाचवण्याची ही हौस मोबाइलच्या जमान्यातली आहे असे वाटत असेल, तर १९९० च्या दशकातली वर्तमानपत्रे आठवावीत. पानपानभर जाहिराती यायच्या. हिरवीगार सागाची झाडे, खाली हसरे कुटुंब. आज काही हजार रुपये भरा, वीस वर्षांनी तुमच्या झाडांचे लाखो रुपये मिळतील, मुलीचे लग्न आणि मुलाचे शिक्षण दोन्ही होईल. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'शेतीचे उत्पन्न, म्हणून संपूर्ण करमुक्त.'

या योजना विकणारे कोण? कोणी विमा एजंट, कोणी अल्पबचतीची कामे करणारे, कोणी निवृत्त शिक्षक, कोणी भिशीतली मैत्रीण. माणूस ओळखीचा, म्हणून योजना ओळखीची. जमिनीचा सात-बारा कोणाच्या नावावर आहे, साग लावला तरी किती रोपे जगली, हे पाहायला फारच थोडे लोक गेले. आपल्याकडे वनखात्याच्या लागवडीत साग चांगला तयार व्हायला पन्नास-साठ वर्षे सहज लागतात, ही गोष्ट गावातला कोणताही सुतार सांगू शकला असता. त्याला कोणी विचारले नाही.

आणि करमुक्तीचे काय? शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त होते हे खरे. पण ते कोणाचे? १९५५ मध्येच सर्वोच्च न्यायालयात मुंबईच्या एका महिला भागधारकाचे प्रकरण गेले होते. चहाच्या मळ्याच्या कंपन्यांचे शेअर त्यांच्याकडे होते. चहा कंपनीच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचा धरला जातो, म्हणून आपल्या लाभांशाचाही तेवढा भाग करमुक्त धरावा, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. मळा कंपनीचा, शेती कंपनीची. भागधारकाला मिळतो तो लाभांश, शेतीचे उत्पन्न नव्हे. पुढे १९५७ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयाने सांगितले की, जमिनीची मशागत, पेरणी, लागवड अशी मूळ कामे केली असतील तरच उत्पन्न शेतीचे, आपोआप वाढलेल्या जंगलाचे नव्हे. म्हणजे सागवानाच्या जाहिराती छापल्या जाण्याआधी तब्बल पस्तीस-चाळीस वर्षे हे निकाल कायद्याच्या पुस्तकांत होते. एखाद्या जाणकाराकडे शंभर-दोनशे रुपये फी देऊन गेलेल्या माणसाला ते अर्ध्या तासात कळले असते. पण फुकट सल्ला घरपोच मिळत असताना फी कोण देणार?

१९९८ च्या अखेरीस चेन्नईचा अनुभव प्लँटेशन्स हा समूह कोसळला आणि हजारो कुटुंबांचे पैसे अडकले. (नाव 'अनुभव', यावर त्या काळी पुष्कळ विनोद झाले. ज्यांचे पैसे गेले त्यांना ते आवडले नसावेत.) १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले. नोंदणी करा, नाही तर योजना गुंडाळून लोकांचे पैसे परत द्या, असा पर्याय कंपन्यांपुढे आला. अनेक कंपन्यांनी तिसराच मार्ग पत्करला. त्या गायब झाल्या. ज्या एजंटांनी पावत्या फाडल्या होत्या ते गावातच होते, पण त्यांच्याकडे मागणार काय? त्यांनाही कमिशनपलीकडे काही माहीत नव्हते. काहींनी तर स्वतःच्या मुलींच्या नावाने झाडे घेतली होती.

साडेपाच रुपयांचा शेअर

१ ऑक्टोबर २००४ पासून शेअर बाजारात विकलेल्या, वर्षाहून अधिक काळ जवळ ठेवलेल्या शेअरवरचा नफा करमुक्त झाला. ती सवलत २०१८ च्या अर्थसंकल्पाने काढून घेतली जाईपर्यंत टिकली. सवलत प्रामाणिक गुंतवणूकदारासाठी होती, पण तिच्या आडून एक वेगळाच धंदा उभा राहिला.

त्याची रीत अशी. कसलाही व्यवसाय नसलेली एखादी मरतुकडी कंपनी शोधायची. तिचे शेअर चार-पाच रुपयांना ग्राहकांना द्यायचे. मग आपापसांत खरेदी-विक्री करून भाव चढवत न्यायचा. वर्ष उलटले की दुसऱ्या कागदी कंपन्यांनी ते शेअर पाचशे रुपयांना घ्यायचे. या कागदी कंपन्यांकडे पैसा कुठून आला? बऱ्याचदा ग्राहकानेच आधी रोख दिलेला. काळा पैसा एका दाराने आत जाऊन करमुक्त नफा बनून दुसऱ्या दाराने बाहेर यायचा. मध्यस्थाचे कमिशन ठरलेले असे. आयकर खात्याच्या कोलकाता तपास शाखेने अशा ८४ कंपन्यांची यादीच तयार केली होती. डिसेंबर २०१४ मध्ये सेबीनेही अंतरिम आदेश काढून दोन कंपन्यांच्या शेअरव्यवहारांवरून अडीचशेहून अधिक व्यक्ती व कंपन्यांना बाजारातून दूर ठेवले.

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलेले एक प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखे आहे. त्याचा निकाल एप्रिल २०१७ मध्ये लागला. करदात्या महिलेने ऑगस्ट २००३ मध्ये कोलकात्याच्या दोन कंपन्यांचे शेअर साडेपाच आणि चार रुपये भावाने, रोख पैसे देऊन घेतले होते. जून २००५ मध्ये शेअर विकले गेले ते ४८५ रुपयांहून अधिक भावाने. म्हणजे साडेपाचाचे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी पट! अधिकाऱ्यांनी कागद उलगडले तेव्हा दोन्ही कंपन्यांचा पत्ता एकच निघाला. दोन्हीकडे सही करणारी व्यक्ती एकच. आणि ज्या दलालामार्फत खरेदी झाली त्याचाही पत्ता तोच! या कंपन्या काय करतात याची माहिती खरेदी करणारीकडे नव्हती. इतक्या थोड्या काळात भाव एवढा कसा चढला याचा समाधानकारक खुलासा झाला नाही आणि करमुक्त नफ्याचा दावा न्यायालयात टिकला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. तीन पत्ते एक आहेत हे पाहायला गुप्तहेर लागत नाही. पावती, शेअर प्रमाणपत्र आणि दलालाचे बिल हे तीन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की ते दिसते. पण कागद ठेवून पाहणार कोण? 'टीप' देणारा माणूस विश्वासाचा असतो ना!

अशा प्रकरणांत सगळेच करदाते हरले असेही नाही. खरेदीची रक्कम बँकेतून गेलेली, शेअर खरोखर खात्यात आलेले, विक्री बाजारातून झालेली आणि गैरव्यवहारात हात असल्याचा पुरावा नाही, अशा काहींच्या बाजूने निकाल लागले. पण जून २०२२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने अशा अनेक अपिलांवर एकत्रित निर्णय देताना खात्याची बाजू उचलून धरली. नुसते कागद व्यवस्थित असणे पुरेसे नाही, भोवतालची परिस्थितीही पाहावी लागेल, असा त्याचा रोख होता. जिंकलेल्यांचीही कित्येक वर्षे तारखा आणि वकिलांच्या फीमध्ये गेलीच.

पत्नीच्या नावाने

या सर्व प्रकारांत घरातल्या बाईचे नाव वारंवार पुढे येते. तिचे पॅन कार्ड असते, स्वतःचे उत्पन्न थोडे असते, मग तिच्या नावाने डिमॅट खाते उघडले जाते. "इथे सही कर, इथे कर आणि इथे." चहा उकळत असतो, मुले भांडत असतात, ती सह्या करून मोकळी होते. पुढे नोटीस येते ती तिच्या नावाने. अधिकारी विचारतात, ही कंपनी काय बनवते? तुम्ही हे शेअर का घेतले? पैसे कुठले? ज्या बाईने कंपनीचे नावही ऐकलेले नाही तिने काय सांगावे?

शिवाय पतीने दिलेल्या पैशांतून पत्नीच्या नावे गुंतवणूक केली, तर त्यावरचे उत्पन्न सर्वसाधारणपणे पतीच्याच उत्पन्नात धरले जाते. "बायकोच्या नावावर टाका, टॅक्स लागणार नाही" हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. तरी लग्नकार्यात, सत्यनारायणाच्या पूजेला, कुठेही तो हमखास ऐकायला मिळतो.

मार्चमध्ये विकल्या जाणाऱ्या विमा पॉलिसींचेही थोडेफार तसेच. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली हीच मूळ प्रणाली झाली. तिच्यात विमा, पी.पी.एफ. वगैरेंची दीड लाखापर्यंतची ती जुनी वजावट मिळत नाही. मात्र नव्या प्रणालीत असलेल्या माणसालाही "टॅक्स वाचेल" म्हणून पॉलिसी विकली जाते. पॉलिसी घेणे वाईट नव्हे. ती कशासाठी घेतली हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

विचारायचे कोणाला?

सल्ला देणारा माणूस वाईटच असतो असे नाही. पण त्याचे पैसे कोण देतो हे पाहिले की पुष्कळ उलगडते. विमा एजंटाला विमा कंपनी कमिशन देते, म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंड कंपनी देते. ते विक्रेते आहेत, आणि विकणे हे त्यांचे रीतसर काम आहे. त्यांच्याकडून वस्तू घ्यावी, माहिती घ्यावी. पण ही वस्तू आपल्याला हवी का, हे दुसऱ्या कोणाला तरी विचारावे. फी घेऊन गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्यांसाठी सेबीने २०१३ मध्ये नोंदणीचे नियम केले. नोंदणीकृत सल्लागारांची यादी सेबीच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते.

कराच्या कामासाठी सी.ए. गाठायचा तर तो खरोखर सी.ए. आहे का, हे त्यांच्या संस्थेकडे सदस्य क्रमांकावरून तपासता येते. २०१९ पासून सी.ए.च्या प्रमाणपत्रांवर अठरा आकडी-अक्षरी ओळख क्रमांक घालणे सक्तीचे झाले. तो संस्थेच्या संकेतस्थळावर टाकला की प्रमाणपत्र खरे की खोटे ते कळते. आणखी एक खूण फार कमी लोकांना माहीत असते. १९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट कायद्यानुसार, मोजके अपवाद सोडता, सी.ए.ला कामाच्या निष्पत्तीवर टक्केवारीने फी घेण्यास मनाई आहे. म्हणजे 'रिफंडच्या वीस टक्के' असा भाव सांगणारा समोर बसला असेल, तर तिथेच सावध व्हायला हरकत नाही.

त्याला आणखी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. ही वजावट कोणत्या कलमाखाली? तिचा पुरावा आपल्याकडे कोणता? खात्याने विचारले तर तुम्ही लेखी उत्तर द्याल का? जो खरा जाणकार आहे तो न चिडता उत्तर देतो. दुसरा म्हणतो, "साहेब, विश्वास नसेल तर राहू द्या."

ज्यांनी आधीच अशा एखाद्या एजंटाकडून काम करून घेतले आहे, त्यांनी पहिल्यांदा आयकर खात्याच्या ई-फायलिंग संकेतस्थळावर स्वतः जाऊन आपल्या खात्यात ई-मेल आणि मोबाइल नंबर कोणाचा आहे ते पाहावे. तो एजंटाचा असेल तर ताबडतोब बदलावा आणि पासवर्डही बदलावा. मग मागच्या तीन-चार वर्षांची विवरणपत्रे उतरवून घेऊन प्रत्येक वजावट वाचावी. न दिलेली देणगी, न घेतलेले कर्ज, न झालेला आजार सापडला तर खऱ्या सी.ए.कडे जाऊन सुधारित विवरणपत्राचा मार्ग विचारावा. २०२५ च्या अर्थसंकल्पाने त्याची मुदत चार वर्षांपर्यंत वाढवली. पहिल्या वर्षात गेल्यास कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, दुसऱ्या वर्षात ५०, तिसऱ्यात ६० आणि चौथ्यात ७० टक्के जादा, अशी ती रचना आहे. खोटेपणाबद्दलच्या २०० टक्के दंडापेक्षा हे पुष्कळ कमी, पण खात्याने चौकशी सुरू केली की हा दरवाजा बंद होऊ शकतो. एजंटाला दिलेले कमिशन मात्र या हिशेबात कुठेही वजा होत नाही.